ऊसगाडीचे बैल आणि क्रूरतेचा सामाजिक हिशेब

प्राण्यांशी होणाऱ्या क्रूर वर्तनाची चर्चा बहुधा एखाद्या भटक्या कुत्र्याला झालेली अमानुष मारहाण किंवा एखाद्या मुक्या जनावराची विकृत हत्या अशा घटनांच्या निमित्ताने होते आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली की ती संपते. मात्र ज्या यातना रोज, भर रस्त्यावर, एखाद्या उद्योगाच्या नित्य व्यवहाराचा भाग म्हणून घडतात, त्यांना क्रूरता म्हणण्याची समाजाला सवय नसते. महाराष्ट्राच्या गळीत हंगामात शेतापासून साखर कारखान्यापर्यंत ऊस ओढणारे बैल हे अशा यातनांचे ठळक उदाहरण असून, प्राण्यांवरील क्रूरता हा सामाजिक प्रश्न का ठरतो हे त्यातून स्पष्ट होते.

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाचा विचार मुख्यतः दोन दिशांनी केला आहे. अठराव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ कांट यांच्या मते, प्राण्यांशी निर्दयपणे वागणाऱ्या माणसाचे मन हळूहळू माणसांविषयीही कठोर होते, म्हणून असे वर्तन टाळले पाहिजे. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने २०१६ पासून प्राणी-छळाच्या गुन्ह्यांची स्वतंत्र नोंद सुरू केली, त्यामागेही हिंसेच्या या परस्परसंबंधाचा विचार होता. याउलट, इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांनी प्राण्याची वेदना जाणण्याची क्षमता हाच नैतिक विचाराचा पाया मानला. भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ५१ क हा सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य मानतो. या दृष्टिकोनांत विचार होतो तो चाबूक उगारणाऱ्या व्यक्तीचा किंवा तो सोसणाऱ्या प्राण्याचा. चाबूक उगारावा लागेल अशी परिस्थिती कोण निर्माण करते, हा प्रश्न मागेच राहतो.

भारतातील कायदा वाचला तर या प्रश्नाला थोडी जागा सापडते. नृत्यांगना आणि राज्यसभेच्या सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून पुढे आलेल्या, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार जनावराला मारणे, बेताल हाकणे किंवा त्याच्यावर अतिरिक्त भार लादणे आणि त्यायोगे त्याला ‘अनावश्यक’ वेदना देणे हा गुन्हा आहे. शिवाय तो स्वतः करणाऱ्याबरोबरच करवणारा आणि मालक असून होऊ देणाराही दोषी ठरू शकतो. तथापि पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड असल्यामुळे या तरतुदीचा धाक उरलेला नाही. प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेत पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, परंतु ती नुकसानकारक कृत्यांच्या प्रकरणात येते. दररोजच्या अतिश्रमाने झिजणाऱ्या बैलाला तिचा फारसा आधार मिळत नाही.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली झालेले नियम अधिक काटेकोर आहेत. हवेचे टायर बसवलेल्या दुचाकी गाडीसाठी मध्यम आकाराच्या एका बैलामागे १,०५० किलो आणि मोठ्या बैलामागे १,३५० किलो ही भाराची मर्यादा असून, जोडीसाठी ती दुप्पट, म्हणजे अनुक्रमे २,१०० आणि २,७०० किलो होते, तर लांब व तीव्र चढाच्या रस्त्यावर ती निम्म्यावर येते. जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेता येत नाही आणि अणकुचीदार टोचणीही वापरता येत नाही. प्रत्यक्षात ऊसगाडीचा भार पुष्कळदा तीन टनांच्या घरात जातो, उसाच्या मोळ्या साट्याच्या बाहेर आलेल्या असतात, आणि चढावर किंवा कारखान्याच्या आवाराजवळच्या चिखलात गाडी रुतली की बैल गुडघ्यावर येतात आणि गाडीवानाच्या हातातली पराणी चालू लागते. जुवाच्या सततच्या घर्षणाने मानेवर खांदेसूज येते, तिची जखम होते, आणि ती बरी होण्यासाठी जी विश्रांती लागते ती हंगाम संपेपर्यंत मिळत नाही.

हा भार गाडीवान हौसेने भरत नाही. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून दिवाळीच्या सुमारास बाहेर पडणारी ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पतीपत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजले जाते आणि मोबदला टनावर ठरतो. खेप जितकी जड तितकी उचल लवकर फिटते, आणि काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात, अशा व्यवस्थेत बैलाला दिलेली विश्रांती म्हणजे वाढलेले कर्ज ठरते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली, तेव्हा खाडा परवडत नसलेल्या स्त्रीची अवस्था समाजासमोर आली. खाडा परवडत नाही म्हणून आजारी स्त्री फडात उतरते आणि त्याच कारणाने खांदा सुजलेला बैल जुंपला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे माणसाची पिळवणूक आणि प्राण्याचा छळ यांचे मूळ एकच असल्याचे दिसते.

सार्वजनिक चर्चेत मात्र बैलाचे दुःख बहुतांशी शर्यतीपुरतेच मर्यादित राहिले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींना मनाई केली, २०१७ साली महाराष्ट्राने शर्यतींना वाट देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचीही दुरुस्ती वैध ठरवली. काही मिनिटांच्या शर्यतीवर परंपरा आणि क्रूरता यांचा इतका मोठा न्यायालयीन वाद झाला, तर पाच-सहा महिने चालणाऱ्या ऊसवाहतुकीविषयी तेवढी चर्चा झाली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावणाऱ्या समाजात कृतज्ञतेची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती कृतज्ञता टनाच्या दरात आणि खेपेच्या वजनात उतरलेली नाही.

उपायांचा विचार करताना केवळ बंदीचा मार्ग अपुरा पडतो, कारण बैलजोडीवरच ज्याची उचल उभी आहे त्याचा रोजगार बुडाल्यास यातनांचे ओझे एका जीवाकडून दुसऱ्याकडे सरकते. मुंबईतील व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करण्याचा आदेश २०१५ साली देताना मुंबई उच्च न्यायालयाने चालकांच्या पुनर्वसनाचाही विचार करण्यास सांगितले होते, ही दिशा येथेही उपयोगी आहे. सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली गाडीच्या पुढील भागास आधार देणारे फिरते चाक बनवून जुवावरचा भार हलका करण्याचा प्रयोग केला. अशा साधनांचा खर्च कारखान्यांनी उचलणे, फडाजवळ आणि कारखान्याच्या आवारात पशुवैद्यकाची सोय करणे आणि हलक्या खेपेमुळे गाडीवानाचे होणारे नुकसान वाहतुकीच्या दरातून भरून देणे ही पावले अशक्य कोटीतील नाहीत.

अतिरिक्त भाराच्या गुन्ह्याचा पुरावा शोधण्यासाठी कोणाचा पाठलागही करावा लागत नाही. प्रत्येक ऊसगाडी कारखान्याच्या काट्यावर चढते, तिच्या वजनाची पावती फाटते आणि त्या पावतीवरूनच पैसे दिले जातात. म्हणजेच नियमापेक्षा अधिक भार ओढला गेल्याची नोंद दररोज, अधिकृतपणे आणि हंगामभर होत असते. मर्यादेपलीकडच्या वजनाची नोंद होऊनही काट्यावर ती गाडी स्वीकारली जात असेल, तर दोष पराणी धरणाऱ्या हातापुरता राहत नाही. अतिरिक्त भार करवणाऱ्यालाही दोषी धरणारे कलम ११ प्रथम कारखान्याच्या दारातच लागू केले पाहिजे.