साखळी आणि वतन

फैजपूर म्हटलं की 1936चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. त्याच गावाला डिसेंबर 1852मध्ये कॅप्टन मॉरिसने फौजेचा वेढा घातला होता, हे मी 1880च्या खानदेश गॅझेटियरमध्ये वाचलं. पकडले गेले ते दरोडेखोर नव्हते. त्यांत परगण्याचे वतनदार आणि गावचे पाटील होते. घरची मोठी शेती, गोठाभर गुरं आणि पिढीजात अधिकार असलेली ही माणसं जमिनीच्या मोजणीविरुद्ध का उठली?

पाटलाने गावचा वसूल करायचा, तंटे मिटवायचे. त्याच्या वर परगण्याला देशमुख. मोबदल्यात इनाम जमीन आणि हक्क. 1818नंतर इंग्रजांनी वतनं ठेवली, पण काम हळूहळू मामलेदाराकडे नेलं. तरी एक गोष्ट वतनदारांच्या हाती उरली होती. कोणाचं शेत किती आणि कसं, हे सरकारला त्यांनाच विचारावं लागे.

मोजणीची साखळी 33 फुटांची. तेवढ्या लांबीरुंदीचा चौरस म्हणजे गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला नंबर, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार, आणि तो साधारण 30 वर्षं कायम. हे एकदा कागदावर चढलं की पाटलाच्या शब्दाची किंमत ती काय राहणार?

पण सावदा, यावल, एरंडोल इथे जमलेले सगळेच काही वतनदार नव्हते. मोजणी म्हणजे सारावाढ, ही धास्ती साध्या कुणब्यालाही होती, आणि ती अवाजवी म्हणता येणार नाही. त्यामुळे या पाटलांना निव्वळ स्वार्थी ठरवणं मला पटत नाही. आणि स्वातंत्र्यवीर ठरवणं तर त्याहून नाही. त्यांचा स्वार्थ आणि रयतेची भीती त्या वर्षी एकाच बाजूला आली, एवढंच.

वेढ्यात भिल्ल पलटणही होती. आउट्रमने ती 1825मध्ये उभारली, ती भिल्लांच्या धाडींचा बंदोबस्त व्हावा म्हणून. ज्या गावांना त्या धाडींचा धाक होता, तिथल्याच पाटलांना धरायला आता भिल्ल शिपाई आले होते!

धरपकडीनंतर मोजणी पुन्हा सुरू झाली. 1874च्या कायद्याने वतनी कामं नियमांत बसवली. पिढीजात पाटीलकी 1 जानेवारी 1963पासून संपली. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आले असले, तरी वाटणीला बसलेले भाऊ अजून गुंठ्यावरच भांडतात.