नगरच्या संकेतस्थळांची डागडुजी : 2011 ते 2025

ऑक्टोबर 2011 मध्ये अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत मौन धरले, तेव्हा त्यांचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचत होते ते वर्डप्रेस डॉट कॉमवरच्या एका ब्लॉगमधून. पत्रकार राजू परुळेकर तो ब्लॉग सांभाळत. नगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातल्या या गावातून निघालेला मजकूर त्या दिवसांत देशभरची वर्तमानपत्रे उचलत होती. नोव्हेंबरमध्ये टीम अण्णाच्या फेररचनेवरून वाद झाला आणि ब्लॉग बंद करण्याचा निर्णय अण्णांनी जाहीर केला.

राजकारणाचा तो भाग सगळ्यांना आठवतो. त्या ब्लॉगची तांत्रिक बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी होती. फुकटच्या जागेवर थीम ठरलेल्या यादीतूनच निवडावी लागे, प्लगइन बसवता येत नसे आणि पानावर जाहिरात दिसली तर ती वर्डप्रेस डॉट कॉमची असे. त्या बदल्यात साइट पडत नसे, कारण ती चालू ठेवण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत नगर जिल्ह्यातल्या पत्रकारांनी, शेतीविषयक लिहिणाऱ्यांनी आणि नव्याने पोर्टल काढणाऱ्या तरुणांनी स्वतःचे डोमेन घेतले, स्वतःचे होस्टिंग घेतले. थीम, प्लगइन आणि जाहिराती हातात आल्या. त्यांच्याबरोबर मोडतोडही हातात आली.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती 27 मे 2003 रोजी निघाली. 2004 मध्ये त्यात प्लगइनची सोय झाली, 2005 मध्ये थीमची. गूगलची जाहिरातसेवा ॲडसेन्सही 2003 मधलीच. ही सगळी रचना इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली होती आणि मराठीत साइट चालवणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिथेच सापडते. सुरुवातीच्या वर्षांत साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवली की सगळा मराठी मजकूर प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसे. डेटाबेस कोणत्या लिपीसंचात साठवायचा हे सांगण्याची जागा वर्डप्रेसच्या मांडणी-फाइलमध्ये आली ती 2007 मध्ये, 2.2 या आवृत्तीत. त्याआधीची मराठी साइट सहीसलामत हलवणे हे खरे कौशल्याचे काम होते.

मग थीम. 2014-15 नंतर बातम्यांच्या पोर्टलांवर मासिकी थाटाच्या भरगच्च थीम दिसू लागल्या. वर सरकती पट्टी, खाली स्लायडर, बाजूला तीन रकाने आणि मेनूत जिल्ह्याचे सगळे 14 तालुके. विक्रेत्याने दाखवलेला नमुना इंग्रजीत सुरेख दिसे. त्यात मराठी मजकूर ओतला की खोट दिसे. मथळ्याच्या अक्षरांत अंतर ठेवण्याची आज्ञा थीममध्ये असेल, तर देवनागरीची शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडत. ओळींमधले अंतर रोमन लिपीच्या मापाने आवळलेले असे, म्हणून वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची हौस तर जोडाक्षरापाशी हमखास फसे. यावर उपाय दोन-चार ओळींचाच होता : अक्षरांमधले अंतर शून्य करायचे, ओळींमधले अंतर वाढवायचे, पहिल्या अक्षराची सजावट काढून टाकायची. पण तो कोणत्याही थीमसोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेला नव्हता. ज्यांनी आपले पान स्वतः फोनवर उघडून शेवटपर्यंत वाचले, त्यांनाच तो सापडला.

फॉन्टचेही असेच. गूगलच्या फॉन्टसंग्रहात मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ आला, इतरही चांगले देवनागरी फॉन्ट आले आणि प्रत्येकाला आपली साइट नटवावीशी वाटली. पण जोडाक्षरांचे शेकडो आकार पोटात घेणारा देवनागरी फॉन्ट रोमन फॉन्टपेक्षा बराच जड असतो. त्याची बारीक, जाड आणि अधिक जाड अशी तीन वळणे लादली की अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यातल्या वाचकाला कोऱ्या पानाकडे पाहत बसावे लागे. अँड्रॉइड फोनमध्ये वाचनीय देवनागरी फॉन्ट आधीपासूनच असतो. मजकुरासाठी तोच वापरायचा आणि वेगळा फॉन्ट फक्त मथळ्याला ठेवायचा, हा तोडगा सगळ्यात शहाणपणाचा होता आणि आजही आहे.

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू झाली आणि वाचकांची ये-जा पार बदलली. घोडेगावच्या कांदा बाजारातले भाव, मुळा आणि भंडारदरा धरणांतले पाणी, ऊसदर, शिर्डीतली गर्दी हे सगळे व्हॉट्सॲपवरच्या दुव्यातून वाचले जाऊ लागले. वाचक पहिल्या पानावर येतच नव्हता, थेट बातमीवर उतरत होता. त्यामुळे पहिल्या पानाच्या स्लायडरवर केलेला खर्च वाया गेला आणि बातमीचे पान किती झटकन उघडते याला किंमत आली. हलक्या थीमची गरज इथे सगळ्यांना पटली. त्यात नगरपासून साधारण 120 किलोमीटरवर पुण्यात तयार झालेली एक थीम होती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. ब्रेनस्टॉर्म फोर्स या कंपनीची ‘ॲस्ट्रा’ 2017 मध्ये आली. पानावर 50 केबीपेक्षा कमी भार टाकणे आणि जेक्वेरी या तयार कोडसंचावर अवलंबून न राहणे ही तिची मुख्य खूण. 2020 मध्ये तिने दहा लाख साइटींचा टप्पा गाठला. वर्डप्रेससोबत आपोआप येणाऱ्या थीम वगळता तिथवर पोहोचलेली ती पहिलीच.

जेक्वेरीवर अवलंबून नसण्याचे मोल 11 ऑगस्ट 2020 रोजी कळले. वर्डप्रेसच्या 5.5 आवृत्तीने जेक्वेरी मायग्रेट ही जुन्या कोडला सांभाळून घेणारी फाइल काढून टाकली आणि जगभरच्या साइटींवर मेनू उघडेनासे झाले, स्लायडर गोठले. तात्पुरता आधार देणारे प्लगइन लगेच निघाले. पण ज्यांच्या थीमचा कर्ता केव्हाच गायब झाला होता, त्यांना थीम बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

प्लगइनचा आजार मात्र हळूहळू वाढणारा. एक शेअरच्या बटणांसाठी, एक संबंधित बातम्यांसाठी, एक पानाची तयार प्रत साठवणाऱ्या कॅशेसाठी, मग आणखी वेगासाठी दुसरे कॅशेचे. दोन कॅशे एकमेकांवर बसली की बातमी दुरुस्त करूनही वाचकाला जुनाच मजकूर दिसत राही. बाजारभावाच्या पानावर ही चूक महागात पडते. शेतकरी सकाळी कालचा भाव वाचून गाडी भरतो. हे दुखणे शोधण्याची रीत वर्षानुवर्षे तीच आहे : आधी बॅकअप, मग सगळी प्लगइन बंद, साइट सुधारली तर एकेक चालू करत गुन्हेगार गाठायचा, न सुधारल्यास वर्डप्रेसची मूळ थीम लावून पाहायचे. पडदा पांढरा पडून आत शिरताच येत नसेल, तर होस्टिंगवर जाऊन प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलायचे. मे 2019 मधल्या 5.2 आवृत्तीने असा घातक बिघाड झाला की दुरुस्तीचा दुवा इमेलने पाठवण्याची सोय केली आणि रात्री-अपरात्री होस्टिंगवाल्याला फोन करण्याची वेळ बरीच टळली.

2023 च्या सप्टेंबरमध्ये मात्र प्रकरण वेगाच्या पलीकडे गेले. ‘न्यूजपेपर’ ही टॅगडिव्ह कंपनीची थीम बातम्यांच्या साइटींमध्ये फार लोकप्रिय. तिच्यासोबत येणाऱ्या टॅगडिव्ह कंपोझर या प्लगइनमधल्या भगदाडातून ‘बलाडा इंजेक्टर’ नावाचा घातक कोड शिरला. सुकुरी या सुरक्षा कंपनीने त्या एका महिन्यात 17 हजारांहून अधिक बाधित साइट मोजल्या आणि त्यांतल्या 9 हजारांहून अधिक या भगदाडाशी जोडलेल्या होत्या. वाचक बातमी उघडायचा आणि भलत्याच फसव्या पानावर जाऊन पडायचा. दुरुस्त आवृत्ती निघाली होती. पण थीमची चोरटी प्रत फुकट मिळवून लावली असेल, तर ती आपोआप अद्ययावत होत नाही, आणि अशा प्रतींत पहिल्या दिवसापासूनच मागचे दार उघडे ठेवलेले असू शकते. परवान्याचे पैसे वाचवणे हा पोर्टलवाल्यांनी केलेला सर्वांत खोटा हिशेब होता.

जाहिरातींची गोष्ट थोडी निवांत सांगायला हवी, कारण घर त्यावर चालते. हिंदीला ॲडसेन्सने डिसेंबर 2014 मध्ये स्वीकारले. मराठीला 2018 उजाडले. मधल्या काळात काहींनी इंग्रजी किंवा हिंदी साइटवर मंजुरी मिळवून तोच कोड मराठी पानांवर लावला आणि खाते बंद होण्याच्या भीतीत दिवस काढले. मंजुरी मिळाल्यावरही वाट सरळ नव्हती. खात्यात 10 डॉलर जमले की गूगल पत्ता पडताळण्यासाठी पिन पोस्टाने पाठवते. चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती थांबतात. वाडी-वस्तीवर राहणाऱ्याच्या हाती ते साधे पाकीट वेळेत पडणे पोस्टमनच्या ओळखीवर अवलंबून असते. शिवाय 100 डॉलर जमेपर्यंत पैसे हाती येत नाहीत.

2016 मध्ये एका पानावर तीनच जाहिरातींची मर्यादा ॲडसेन्सने उठवली आणि 2018 च्या फेब्रुवारीत जाहिरातींची जागा यंत्रानेच ठरवण्याची सोय आली. दोन्हींचा परिणाम नगरच्या वाचकाने अंगठ्यावर सोसला : दोन ओळी, जाहिरात, पुन्हा दोन ओळी, पुन्हा जाहिरात. वाचायला सुरुवात करावी तर वरून जाहिरात उतरे आणि मजकूर खाली घसरे. बोट दुव्याऐवजी जाहिरातीवर पडे. अशा चुकीच्या स्पर्शांनी कमाई वाढते असे मानणारे लवकरच अडचणीत आले, कारण संशयास्पद क्लिक वाढले की ॲडसेन्स जाहिरातींवर मर्यादा घालते आणि मग आठवडेच्या आठवडे पान रिकामे राहते. फेब्रुवारी 2018 पासून क्रोम ब्राउझरने त्रासदायक जाहिराती गाळायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी ही गाळणी जगभर लागू झाली. मोबाइलच्या पानावर मजकुराच्या तुलनेत जाहिरातींनी 30 टक्क्यांहून जास्त उंची व्यापू नये, हे त्यातले एक माप.

2021 मध्ये गूगलने शोधक्रम ठरवताना पानाचा अनुभव मोजायला घेतला. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि पान हलण्याचा गुण 0.1 च्या आत राहावा, ही मापे तेव्हा घरोघर पोहोचली. हलण्याचा दोष दूर करायला फार विद्या लागली नाही. जाहिरातीच्या चौकटीला आधीच उंची राखून ठेवली की मजकूर जागेवर राहतो, जाहिरात येवो न येवो. पहिल्या पडद्यावर एकही जाहिरात न ठेवणे आणि खालच्या जाहिराती वाचक तिथे पोहोचल्यावरच मागवणे, एवढ्याने पान मोकळे झाले. वाचक शेवटपर्यंत थांबला तर कमी जाहिरातीही पुरतात, हे मानायला पोर्टलवाल्यांना सर्वांत जास्त धीर लागला. मार्च 2024 पासून वाचकाने बोट लावल्यावर पान किती चटकन प्रतिसाद देते हेही मोजले जाते. त्यासाठी 200 मिलिसेकंदांची मर्यादा चांगली मानतात आणि जुने स्लायडर तिथे पुन्हा अडतात.

मग जिल्ह्याचे नावच बदलले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. 31 मे 2023 रोजी चौंडीत अहिल्यादेवींच्या जयंतीला घोषणा झाली, 13 मार्च 2024 ला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये अधिसूचना निघाली. ‘अहमदनगर लाईव्ह 24’ सारख्या, नावातच जिल्हा घेतलेल्या पोर्टलांपुढे आणि प्रत्येक पानाखाली जुना पत्ता छापणाऱ्या छोट्या साइटींपुढे एक नवेच काम उभे राहिले.

वर्डप्रेस मथळ्यावरून पानाचा पत्ता तयार करते आणि त्याला 200 खुणांची मर्यादा असते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, अगदी वेलांटी आणि हलन्तसुद्धा, त्यात 9 खुणांचे होते. ‘अहमदनगर’ची 7 चिन्हे म्हणजे 63 खुणा. ‘अहिल्यानगर’ची 10 चिन्हे म्हणजे 90. ‘अहिल्यानगर जिल्ह्यातील कांदा’ असा मथळा दिला तर पत्ता ‘क’वरच तुटतो. कांदा असो, कापूस असो की कारखाना, तिन्ही बातम्यांचा पत्ता एकच होऊ पाहतो आणि वर्डप्रेस मागे 2, 3 असे आकडे लावत जाते. पत्ता रोमन लिपीत, थोडक्या शब्दांत स्वतः लिहिणे हा त्यावरचा उपाय. बऱ्याच जणांनी तो या निमित्ताने पहिल्यांदा केला.

डेटाबेसमध्ये जुने नाव शोधून नवे घालण्याचा मोहही झाला. थीम आणि विजेटच्या सेटिंग साठवताना वर्डप्रेस शब्दाची लांबीही बाइटमध्ये लिहून ठेवते. जुन्या नावाच्या 21 बाइटच्या जागी नव्याचे 30 बाइट आले आणि लांबीचा आकडा तोच राहिला की सेटिंग वाचता येत नाही, बाजूचे रकाने रिकामे होतात. बेटर सर्च रिप्लेससारखे प्लगइन हा आकडाही सुधारते. पण ते नीट चालले तरी जुन्या बातम्यांत हात घालणे गैर होते. 1947 मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर कॉलेजचे नाव यंत्राने बदलायचे नसते, आणि 2015 च्या बातमीत तेव्हाचेच नाव असायला हवे. मेनू, विभागांची नावे, पानाच्या तळाचा पत्ता बदलावा आणि जुना मजकूर आहे तसा ठेवावा, हीच प्रामाणिक वाट होती.

डोमेन बदलणाऱ्यांना आणखी चार कामे लागली. प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे कायमचा वळवणे, गूगलला स्थलांतर कळवणे, ॲडसेन्समध्ये नवी साइट पुन्हा तपासणीला देणे आणि साइटवरची जाहिरातींची जागा विकण्याचा अधिकार कोणाला आहे हे सांगणारी ॲड्स डॉट टीएक्सटी फाइल नव्या जागी ठेवणे. यातले तिसरे रेंगाळले की मंजुरी येईपर्यंत नव्या पानांवर जाहिरात दिसत नाही. वळवलेले पत्ते किमान वर्षभर राहू द्यावेत असे गूगल सांगते. नगरसारख्या जिल्ह्यात वर्ष पुरणार नाही, कारण व्हॉट्सॲपच्या गटांत आणि गावच्या कागदांवर जुन्या पत्त्याचे दुवे अजून फिरत आहेत. जुने डोमेन सोडून दिले आणि ते कोणा जुगारवाल्याने उचलले, तर ते सगळे दुवे त्याच्या पानावर उघडतील. म्हणून जुन्या डोमेनचे वार्षिक पैसे भरत राहणे हा खर्च आता पोर्टलच्या हिशेबात कायमचा धरायला हवा.