बिनकवाडाच्या गावाचे ठाणे

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर घोडेगाव लागते, आणि तेथून आत वळले की उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता थोड्याच वेळात शनिशिंगणापुरास पोहोचतो. ज्या नेवासे तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातील या गावाची कीर्ती दोन गोष्टींवर उभी आहे: उघड्या चौथऱ्यावर, छपराविना, ऊनपाऊस सोशीत असलेली शनैश्वराची पावणेसहा फुटांच्या जवळपास उंचीची कृष्णशिला, आणि घरांना नसलेली दारे. तेल वाहण्यासाठी येणाऱ्या यात्रेकरूंचे ज्या तिसऱ्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे येथील पोलीस ठाणे. सप्टेंबर २०१५ मध्ये ते सुरू झाले. चोराला शनिदेवच शासन करतो अशी ज्या गावाची पिढ्यानपिढ्यांची निष्ठा, त्या गावात सरकारने फौजदार आणि हवालदार नेमावेत याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. मला मात्र हे ठाणे त्या निष्ठेच्या विरुद्ध उभे आहे असे कधीच वाटले नाही. त्याचे प्रयोजन निराळे आहे आणि ते समजून घेण्यासाठी दारापासूनच आरंभ केला पाहिजे.

गावातील एखाद्या जुन्या घरापाशी थांबून त्याची चौकट न्याहाळावी. लाकडाच्या दोन उभ्या बाह्या आहेत, वर गणेशपट्टी आहे, खाली उंबरठा आहे. परंतु बिजागरी नाही, कडी नाही, कोयंडा नाही. रात्री कुत्रेमांजर आत शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवून ठेवावी किंवा पडदा सोडावा, एवढाच काय तो अटकाव. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये येथे शाखा उघडली तेव्हा तिनेही गावाच्या श्रद्धेचा मान राखून दर्शनी कुलपाचा त्याग केला होता. चोरीची वार्ता या गावाला अगदीच अपरिचित राहिली असे मात्र नाही. २०१० साली बाहेरगावच्या एका भाविकाने आपल्या वाहनातून सुमारे ३५,००० रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार केली होती, आणि पुढील वर्षी सोन्याचे दागिने गेल्याचाही प्रकार घडला.

फौजदारी कायद्याच्या दृष्टीने या चौकटीची थोरवी तिळमात्र कमी होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गृहअतिक्रमणाचा गुन्हा पूर्ण होण्यास दार मोडावे लागत नाही की कुलूप तोडावे लागत नाही. दुष्ट हेतूने आलेल्या इसमाच्या शरीराचा कोणताही भाग घरात आला की तेवढे पुरते. मॅकॉलेच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेत हे तत्त्व होते, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. जो उंबरठा शिंगणापूरकर श्रद्धेने अनुल्लंघनीय मानतो, तोच कायदाही अनुल्लंघनीय मानतो, कवाड असो वा नसो.

ठाण्याची पहिली मोठी कसोटी चोरीची नव्हतीच. स्थापनेला तीन महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस, एका स्त्रीने चौथऱ्यावर चढून दर्शन घेतले, आणि स्त्रियांना चौथऱ्यावर प्रवेश असावा की नसावा या वादाने सारे राज्य ढवळून निघाले. २६ जानेवारी २०१६ रोजी कार्यकर्त्या तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेल्या महिलांना पोलिसांनी वाटेत सुपे येथेच अडविले; एप्रिलच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांना देवालयात जाण्यास कायद्याने प्रतिबंध नसल्याचे स्पष्ट केले; आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा सर्वांना खुला केला. त्या काळातील बंदोबस्ताचा ताण या नव्या ठाण्याला आरंभीच सोसावा लागला.

परंतु ठाण्याचे खरे मोल कळते ते जीव जातो तेव्हा. शिंगणापूरपासून अवघ्या काही किलोमीटरवर सोनई आहे. शिंगणापुरात अद्याप स्वतंत्र ठाणे झालेले नव्हते त्या काळात, १ जानेवारी २०१३ रोजी, सोनईच्या शिवारातील एका वस्तीवर मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. त्यांपैकी एकाचे सवर्ण कुटुंबातील मुलीवर प्रेम होते, हे त्या हत्येचे कारण. सेप्टिक टँक साफ करण्याचे काम आहे असे सांगून त्यांना बोलावून नेले होते. त्यांना कोणी घरात शिरून मारले नाही. विश्वासाने हाक घातली आणि ते कामाची माणसे म्हणून गेले. अशा गुन्ह्यापुढे दार काय करणार आणि कुलूप काय करणार? हाक कोणी दिली, कोणत्या वाटेने ते गेले, त्यांना अखेरचे कोणी पाहिले, या प्रश्नांची उत्तरे चौकटीपाशी मिळत नाहीत. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुखातून यावी लागतात.

आणि ती उत्तरे ज्या साधनाने कागदावर उतरतात ते साधन म्हणजे पंचनामा. आपल्या पोलीस व्यवस्थेतील या दस्तऐवजाविषयी मला नितांत आदर आहे. घटनास्थळाची चतुःसीमा त्यात प्रथम येते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस विहीर, दक्षिणेस ओढा. मग अंतरे, मग प्रेताची स्थिती, मग जमिनीवरील डाग, मग सापडलेली प्रत्येक चीजवस्तू. विळा असो वा चपलेचा एक जोड, तो कागदात गुंडाळला जातो, दोऱ्याने बांधला जातो, गाठीवर लाख वितळवून ठाण्याची मोहोर उमटविली जाते, आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत वा वर लावली जाते. ती गाठ पुढे न्यायालयात सुटेपर्यंत कोणी सोडलेली नाही, हे सिद्ध करण्यावर कित्येक खटल्यांचे भवितव्य अवलंबून असते. संशयास्पद मृत्यूच्या मरणोत्तर पंचनाम्यासाठी कायद्याने शेजारातील दोन वा अधिक प्रतिष्ठित रहिवासी समक्ष असावेत असा दंडक घातला आहे. हा दंडक केवळ उपचार नव्हे. मृत्यूची पहिली नोंद सरकारी नोकराने एकट्याने करावयाची नाही, ती गावाच्या डोळ्यांदेखत व्हावयाची, असा त्याचा अर्थ आहे. पिढीजात वतनदार पाटलाच्या जागी १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने जो नेमणुकीचा पोलीस पाटील आणला, तोही याच साखळीतील दुवा होय. गावात अकस्मात मृत्यू घडला तर ठाण्याला वर्दी देणे हे त्याचे कर्तव्य.

दूरचित्रवाणीवरील पोलीस कथांनी या कष्टाळू कामाला प्रेक्षकांच्या घरी नेले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पश्चिम जर्मनीत २९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘टाटोर्ट’ ही मालिका सुरू झाली आणि ती आजही रविवारच्या रात्री तेथील घराघरांत पाहिली जाते. तिची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते: प्रत्येक प्रादेशिक केंद्राने आपापल्या शहराचे अधिकारी उभे करावयाचे, म्हणजे हॅम्बुर्गचा खून हॅम्बुर्गच्या गल्लीबोळांत आणि म्युनिकचा खून म्युनिकच्या बोलीत उलगडतो. तपास हा स्थानिक असतो, हे सत्य त्या मालिकेने ओळखले. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांनी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली. शिवाजी साटम त्यात पोलीस अधिकारी झाले होते, आणि हीच जोडी पुढे जानेवारी १९९८ मध्ये ‘सीआयडी’ घेऊन साऱ्या देशापुढे आली. तथापि जर्मन मालिकेतील खून दीड तासात उलगडतो. सोनईच्या खटल्याचा निकाल लागण्यास पाच वर्षे लागली.

त्या पाच वर्षांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी पुढे आलेला नव्हता. सारी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर होती. खटला तेव्हाच्या अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, नाशिकला वर्ग करण्यात आला, विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांनी तो चालविला, आणि जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून देहान्ताची शिक्षा सुनावली. सातव्याची सुटका झाली. परिस्थितीच्या एकेका दुव्याने साखळी जुळत गेली, म्हणून तो निकाल शक्य झाला.

याच जिल्ह्यातील दुसरा खटला मनाला अधिक बोचतो. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा दिवसाउजेडी छळ करून खून झाला. येथे पाहणारे होते. परंतु न्यायालयात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या जिल्ह्यात एका ठिकाणी मुक्या वस्तू बोलल्या, त्याच जिल्ह्यात दुसऱ्या ठिकाणी बोलती माणसे मुकी झाली. ठाण्याचे दप्तर कितीही चोख असो, जबानी देणाऱ्याने भर कोर्टात पाठ फिरविली की त्या दप्तराचे केवळ कागद उरतात; आणि गरीब साक्षीदाराने पाठ का फिरविली हे विचारण्याआधी, तो संध्याकाळी कोणाच्या शेतावरून घरी परततो हे विचारले पाहिजे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे अशी तरतूद केली आहे. हे स्वागतार्हच आहे. मात्र चित्रफितीला धमकी देता येत नाही, माणसाला देता येते. म्हणून मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साक्षीदार संरक्षण योजना, जी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये, खर्ड्याच्या निकालानंतर वर्षभराने, देशभर लागू केली. तिच्यानुसार साक्षीदाराचा अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो, आणि त्याला असलेल्या धोक्याचा अहवाल पोलीस उपविभागाच्या अधिकाऱ्याकडून मागविला जातो. त्या अहवालात काय लिहावयाचे याची खबर गावच्या ठाण्यालाच असते: कोणाच्या घरावरून रात्री मोटारसायकली फिरल्या, कोणाचे पाणी तोडले, कोणाला मजुरीवर बोलावणे बंद झाले. शिंगणापूरच्या ठाणे अंमलदाराने चोरीच्या रजिस्टरातील पाने कोरी असतील तर त्यांचा अभिमान जरूर बाळगावा. पण उघड्या चौकटीच्या एखाद्या घरातून कोणी भीत भीत येऊन असे काही सांगू लागला, तर त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, आणि त्याचा शब्दन् शब्द स्टेशन डायरीत त्याच वेळी उतरवून घ्यावा.