विश्लेषण : गरोदरपणातील ॲनिमियाचा बाळाच्या हृदयाशी संबंध काय?

सरकारी कार्यक्रमानुसार गरोदर स्त्रीला लोहाची रोजची गोळी सुरू होते चौथ्या महिन्यापासून. बाळाच्या हृदयाची मूळ रचना मात्र पहिल्या दोन महिन्यांतच पूर्ण होत आलेली असते. हे अंतर महत्त्वाचे का, ते समजून घेऊ.

संशोधन काय सांगते?

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘बीजेओजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांच्या ब्रिटनमधील २,७७६ मातांची तुलना इतर १३,८८० मातांशी करण्यात आली. गरोदरपणाच्या पहिल्या १०० दिवसांत हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४.४ टक्के, तर दुसऱ्या गटात २.८ टक्के होते. इतर घटक लक्षात घेतल्यावर, ॲनिमिया असलेल्या मातांच्या बाळांत हृदयदोषाची शक्यता सुमारे ४७ टक्के अधिक दिसली.

कारण लोहाची कमतरताच आहे का?

या अभ्यासात ॲनिमियाचे कारण तपासलेले नव्हते. मात्र ऑक्सफर्डमध्येच उंदरांवर झालेल्या प्रयोगांत (२०२१) लोह कमी पडल्यास हृदय घडवणाऱ्या काही पेशी वेळेआधीच परिपक्व होतात आणि रचना बिघडते, असे आढळले. गर्भारपणात लवकर लोह दिल्यावर हे दोष कमी झाले. माणसांत हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

मग घाबरायचे का?

नाही. साधारण शंभरात एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. धोका दीडपट झाला तरी ॲनिमिया असलेल्या बहुतेक मातांच्या बाळांचे हृदय निरोगीच असते. शिवाय अशा दोषांमागे आनुवंशिकता, मातेचा मधुमेह अशी इतरही कारणे असतात. त्यामुळे कोणत्याही आईने स्वतःला दोष देऊ नये.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना ॲनिमिया होता. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना तो होता. म्हणजे अनेकींचे गरोदरपण सुरू होते तेच कमी हिमोग्लोबिनवर. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत किशोरी व प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी आठवड्याला एक गोळी आहे. ती नियमित घेतली, तरच गर्भधारणेआधी लोहाचा साठा भरतो.

काय करता येईल?

- मूल हवे असे ठरवताच हिमोग्लोबिन तपासा. डॉक्टरांनी सांगितल्यास फेरिटिनही तपासा.
- फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू करा.
- लोहाची गोळी चहा-कॉफीसोबत घेऊ नका. जेवणात लिंबू, आवळा ठेवा.
- मनाने जादा गोळ्या घेऊ नका. थॅलेसेमियाच्या वाहक स्त्रियांत हिमोग्लोबिन कमी असूनही लोह पुरेसे असू शकते.

दिवस गेल्यावर तपासणी होतेच. ती काही महिने आधी झाली, तर उपाय करायला वेळ मिळतो.