वरातीआधीची फुंक

लग्नसराईत विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या रस्त्यांवर वरात दिसण्याआधी बँडचा ट्रम्पेट ऐकू येतो. तो सूर जन्मतो वादकाच्या ओठांच्या थरथरीतून, म्हणून तयारीही ओठांपासूनच. आधी नुसत्या माउथपीसवर फुंकायचं, मग खालचे लांब, हलके सूर. उंच सूर अगदी शेवटी. थेट वर चढलं की ओठ लवकर थकतात आणि ऐन वरातीत सूर फाटतो. तिन्ही कळांना तेलाचा थेंब हवाच. वाद्यही तापू द्यावं लागतं: नळीतली हवा १० अंशांनी तापली, तर सूर अर्धस्वराच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका चढतो. मग जुळवणीची नळी किंचित बाहेर ओढून तो उतरवतात. बँडवाल्यांना घाई करू नका. तेवढी दहा मिनिटं त्यांना द्याच.