पक्ष कुणाचा आणि पक्षाची इमारत कुणाची?

आजचा विषय वकिलांचा वाटेल. पण त्याच्या मुळाशी तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे. नागसेन भिक्खूने मिलिंद राजाला विचारले होते: रथ म्हणजे नेमके काय? चाक? आस? की जू? पक्ष फुटतो तेव्हा हाच प्रश्न कोर्टाची पायरी चढतो.

आपल्या भागाला तो परका नाही. नांदेड उत्तरचे आमदार बालाजी कल्याणकर 2022 मध्ये एकनाथ शिंदेंसोबत गेले. उदगीरचे संजय बनसोडे 2 जुलै 2023 रोजी अजित पवारांसोबत मंत्री झाले. अशोक चव्हाण फेब्रुवारी 2024 मध्ये भाजपमध्ये गेले. आपण पारावर तिन्हींना 'पक्ष बदलला' एवढंच म्हणतो. कायद्याला ते पुरत नाही. चव्हाणांनी आधी आमदारकीचा राजीनामा दिला, तिथे प्रश्न मिटला. बाकी दोन्ही गटांचं म्हणणं होतं: आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष.

इथे तीन प्रश्न एकमेकांत गुंततात. आम्ही ते सुटे करून मांडतो.

पहिला प्रश्न, आमदारकी राहते का? हे 1985 च्या दहाव्या अनुसूचीनुसार विधानसभा अध्यक्ष ठरवतात. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. 2003 च्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद झाली. उरली विलीनीकरणाची: मूळ पक्ष विलीन व्हावा आणि विधिमंडळ पक्षातल्या दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती द्यावी. पण मूळ पक्षाचा ठराव लागतोच का? गोव्यात 2019 साली काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपमध्ये गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2022 मध्ये त्यांना अपात्र ठरवलं नाही. म्हणजे बघा, दिल्लीत काँग्रेस जागच्या जागी आणि पणजीत मात्र 'विलीन'!

दुसरा प्रश्न नाव आणि चिन्हाचा. तो निवडणूक आयोगाचा, 1968 च्या चिन्ह आदेशाखाली. 1969 च्या काँग्रेस फुटीवरच्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली बहुमताची कसोटी मान्य केली. मात्र हा मालमत्तेचा दावा नव्हे, हेही बजावलं.

तिसरा प्रश्न मालमत्तेचा, आणि तो दिवाणी कायद्याचा. तिथे आमदार मोजत नाहीत, कागद बघतात. दादरचं शिवसेना भवन शिवाई सेवा ट्रस्टकडे आहे. धनुष्यबाण गेला म्हणून इमारत आपोआप जात नाही. पक्षाची मालमत्ता शिंदे गटाला द्या, अशी याचिका एका वकिलाने केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती एप्रिल 2023 मध्ये फेटाळली.

स्कॉटलंडमध्ये उलटी गंमत झाली. 1900 साली फ्री चर्चचा बहुसंख्य गट दुसऱ्या चर्चमध्ये विलीन झाला. मूठभर लोक मागे राहिले. 1904 मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या मूठभरांना दिली, कारण मूळ तत्त्वांना तेच धरून होते. एवढी देवळं ते चालवणार कशी? शेवटी 1905 मध्ये पार्लमेंटला कायदा करून वाटणी करावी लागली. तिथे तत्त्व जिंकलं, आपल्याकडे संख्या. पण संख्या कुणाची?

आमच्या मते खरी मेख इथे आहे. 17 फेब्रुवारी 2023 च्या निकालात आयोगाने शिवसेनेची घटना आणि संघटनेतलं बहुमत, दोन्ही कसोट्या तपासल्या. घटनेत लोकशाही नाही, संघटनेची संख्या ठरवता येत नाही, असं म्हणून आयोग आमदार-खासदारांच्या आकड्यावर आला. 55 पैकी 40 आमदार, 18 पैकी 13 खासदार, निकाल लागला. कंधारात, औशात सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता त्या हिशेबात कुठेच नव्हता. त्याला कुणी मुद्दाम वगळलं नाही. त्याला मोजायची सोयच पक्षाने ठेवली नव्हती.

हे कुठल्याही पक्षाचं होऊ शकतं. समजा, तालुक्याच्या कार्यालयासाठी गावोगाव वर्गणी झाली आणि जागा पुढाऱ्याच्या नावावर घेतली. उद्या पुढारी गेला, तर जागा कुणाबरोबर जाईल? वर्गणीची पावती तिथे फार कामाला येत नाही.

म्हणून तुम्ही ज्या पक्षात असाल, तिथे तीन गोष्टी विचारा. सभासदांची वही कुठे आहे? पदाधिकारी मतदानाने निवडले का? जागेचा कागद कुणाच्या नावावर आहे? रथाचे भाग मोजताना तो ओढणारा मोजला जावा, एवढंच आमचं म्हणणं. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.