पेंडीतले अन्न



शेंगदाणा घाण्यावर नेला, तेल डब्यात भरून घरी आणले, पेंड गोठ्यात टाकली, की आपला हिशेब पुरा होतो. पण या हिशेबात एक मोठी रक्कम मांडायची राहून जाते. ती कोणती, हे आज पाहू.

शंभर किलो सोललेले शेंगदाणे घ्या. त्यांत ४५ ते ५० किलो तेल असते आणि सुमारे २५ किलो प्रथिने असतात. उरलेल्या भागात पिष्ट, साखर, चोथा, क्षार आणि थोडे पाणी. घाणा फिरतो तेव्हा दाबाने तेल बाहेर पडते. प्रथिने मात्र तेलात विरघळत नाहीत, म्हणून ती तेलाबरोबर जात नाहीत. जवळजवळ सगळीच्या सगळी पेंडीत राहतात. दाण्यात ज्यांचा वाटा चौथाईचा होता, त्यांचा वाटा आता शंभरात ४० ते ५० होतो. तूरडाळीत तो बावीसच्या आसपास असतो. म्हणजे आपण ज्या डाळीसाठी बाजारात पैसे मोजतो, तिच्या दुप्पट प्रथिने त्या पेंडीच्या तुकड्यात असतात!

हीच गोष्ट तीळ, करडई, सूर्यफूल आणि सरकी यांची. सोयाबीनची तर तऱ्हाच वेगळी. त्यात तेल शंभरात २० आणि प्रथिने ४०. त्याला तेलबी म्हणण्यापेक्षा प्रथिनांचे बी म्हटले तर चुकायचे नाही.

आता प्रथिने कशाला लागतात? घराला जशा विटा, तशी शरीराला प्रथिने. रक्त, स्नायू, कातडी, केस, सगळे त्यांचेच बांधकाम. मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम धरा. वाढत्या मुलाला त्याच्या वजनाच्या मानाने अधिक लागतात. कारण मोठ्यांचे घर बांधून झालेले असते, फक्त डागडुजी करायची असते. मुलाचे घर अजून उभे राहायचे असते.

तुम्ही म्हणाल, पेंड गाईला घातली ती काय वाया गेली? छे, मुळीच नाही. तिचे दूध होते, आणि दुधासारखे अन्न नाही. पण गाय खाते त्यातला बराच भाग तिच्या स्वतःच्या देहासाठी खर्च होतो. दुधात उतरतो तो थोडा वाटा. म्हणून शास्त्रज्ञांनी विचार केला, की यातली काही प्रथिने गोठ्याचा वळसा न घेता थेट मुलांच्या ताटात आणता येतील काय?

येतात. पण घाण्यावरची पेंड उचलली आणि खाल्ली, असे करून चालत नाही. हे आधीच स्पष्ट सांगून ठेवतो. जनावरांसाठीची पेंड माणसाने खाऊ नये. तिच्यात माती-खडे असतात, टरफलांचा चोथा असतो, आणि मागे राहिलेले तेल हवेने खवट होते. शिवाय काही बियांत निसर्गानेच विष भरून ठेवले आहे. एरंडीच्या पेंडीत रायसिन नावाचे जहाल विष असते. करंज आणि निंबोळी यांच्या पेंडी शेतात खत म्हणूनच शोभतात. सरकीत गॉसिपॉल असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला ते बरेचसे सोसते, माणसाला नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा पदार्थ असतो. तो उष्णतेने मोडतो, म्हणून सोयाबीन नीट शिजवल्याशिवाय खायचे नसते.

मग कारखान्यात काय करतात? पहिली पायरी निवडण्याची. दाणे चाळतात, फोलपटे आणि लाल साल काढतात, काळे-कुजके दाणे वेचून टाकतात. मग तेल काढतात. एक्स्पेलरने दाबले तरी पेंडीत शंभरात सहा-सात भाग तेल उरतेच. ते काढण्यासाठी हेक्झेन नावाच्या द्रावकाने पेंड धुतात. हेक्झेनमध्ये तेल विरघळते, प्रथिने विरघळत नाहीत. शेवटी वाफ देऊन हेक्झेन उडवून लावतात आणि पुन्हा गोळा करून वापरतात. आता तेलाचा अंश शंभरात एकाहून कमी राहिला. ही पेंड दळली, की निम्मी प्रथिने असलेले पांढुरके पीठ मिळते. खाण्यासाठी म्हणून स्वच्छतेने केलेले पीठ ते हेच.

यापुढची पायरी शुद्ध प्रथिने वेगळी काढण्याची. ही कृती मोठी गमतीची आहे, आणि तिचे तत्त्व आपल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. शेतजमिनीचा सामू तुम्ही माती परीक्षणात ऐकला असेल. सात म्हणजे समतोल, त्याखाली आंबट आणि वर खारट-चुनखडीकडे. पेंडीचे पीठ दसपट पाण्यात कालवतात आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून पाण्याचा सामू आठ-नऊपर्यंत नेतात. अशा पाण्यात प्रथिनांचे कण एकाच जातीचा विद्युतभार धारण करतात आणि एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे ते पाण्यात विरघळून जातात. चोथा विरघळत नाही. दुधाची साय काढण्याच्या यंत्रासारख्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात तो वेगळा होतो. उरलेल्या पाण्यात बेताने आम्ल घालून सामू साडेचारच्या आसपास आणला, की कणांवरचा भार फिटतो. दूर ढकलणारे काही राहिले नाही, तेव्हा ते एकमेकांना चिकटतात आणि दूध नासावे तसे तळाशी बसतात. हा साका धुऊन, आंबटपणा मारून वाळवला, की जी भुकटी मिळते तिच्यात शंभरात नव्वद भाग प्रथिने असतात.

गुरुजी, हा प्रयोग तुमच्या वर्गात सहज होण्यासारखा आहे. मूठभर सोयाबीन रात्रभर भिजत घाला. सकाळी चोळून साली काढा, बारीक वाटा, भरपूर पाणी घालून स्वच्छ फडक्यातून गाळा. खाली येईल ते सोयाबीनचे दूध. ते ढवळत ढवळत दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळवा. ओतू जाते बरं का, भांडे मोठे घ्या. खाली उतरवून त्यात लिंबाचा रस पिळा. पाहता पाहता दूध फाटेल. फडक्यात राहिला तो चोथा, पाण्याने नेली ती प्रथिने, आणि लिंबाने ती पुन्हा एकत्र आणली. मुलांना विचारा, घरी आई पनीर करते तेव्हा काय होते? एकच नियम गाईच्या दुधालाही लागू आणि शेतातल्या बीलाही लागू, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की मुले ते विसरणार नाहीत. एवढेच सांगा, की आपण आधी तेल काढले नव्हते, म्हणून आपल्या गोळ्यात थोडे तेलही आले. चीन आणि जपानमध्ये शेकडो वर्षे टोफू म्हणून खातात तो पदार्थ याच जातीचा.

आपल्या देशात या विषयावर मोठे काम म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९५० साली सुरू झाली. डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन् हे तिचे पहिले संचालक. तेथे तयार झालेल्या बहूद्देशीय अन्नात तीन भाग शेंगदाण्याचे तेलविरहित पीठ आणि एक भाग हरभऱ्याचे पीठ असे, वर जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम. पुढे त्याच संस्थेने म्हशीच्या दुधात शेंगदाण्याची शुद्ध प्रथिने मिसळून दुधाचे माप वाढवण्याची रीत काढली. त्या पेयाचे नाव मिल्टोन. हरभऱ्याची जोड का दिली असेल? प्रथिने अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ असते. शेंगदाण्यात लायसिन नावाचा मणी कमी, हरभऱ्यात तो पुष्कळ. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते.

मग हे पीठ आज घरोघर का दिसत नाही? याला एक कारण भीतीचे आहे आणि एक विचाराचे. दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की जातीचे एक लाखाहून अधिक पक्षी पटापट मेले. शोध लागला तेव्हा बोट त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीकडे गेले. ओलसर शेंगदाण्यावर एक पिवळट-हिरवी बुरशी वाढते, तिने तयार केलेले विष त्या पेंडीत होते. त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते यकृत बिघडवते, आणि थोडे थोडे बरेच दिवस पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. वाईट असे, की भाजल्याने किंवा उकळल्याने ते पुरते जात नाही. तेल काढले तर त्याचा बराचसा भाग पेंडीतच राहतो. दुभत्या जनावराने असली पेंड खाल्ली, तर विषाचा अंश दुधातही उतरतो. हे संकट शेंगदाण्यापुरतेही नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. या शोधानंतर शेंगदाण्याच्या पिठाच्या योजनांना खीळ बसली, आणि दाण्याची तपासणी केल्याशिवाय असे पीठ करू नये हा धडा मिळाला.

दुसरे कारण विचाराचे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी आहाराच्या आकड्यांचा कसून अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे, की भाकरी-डाळीचा आहार पोटभर मिळाला तर बहुतेकांना प्रथिनेही पुरेशी मिळतात. खरी उणीव आहे ती पोटभर अन्नाचीच. का? चुलीला सरपण नसले, तर माणूस घराच्या तुळया तोडून चुलीत घालतो. शरीर अगदी तसेच करते. पोटात पुरेसे धान्य नसले, तर ते प्रथिने जाळून ऊब आणि शक्ती मिळवते. मग विटा चुलीत गेल्या, घर कशाने बांधायचे? उपाशी मुलाला नुसती प्रथिनांची भुकटी दिली तर असेच होते. म्हणून आधी पोटभर, मग पोषक. प्रथिनांचे पीठ भाकरीच्या जोडीला येऊ शकते, भाकरीच्या जागी येऊ शकत नाही.

आता यातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट शेतातली. निंदणी-खुरपणीत शेंगांना खुरप्याची इजा होऊ देऊ नका. फुटक्या शेंगेतून बुरशी आत शिरते. काढणीनंतर वेल उलटे करून, शेंगा वर ठेवून वाळवा. शेंग कानाशी हलवली की दाणे खुळखुळले पाहिजेत. ओल्या जमिनीवर थप्पी लावू नका, खाली फळ्या टाका. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे वेचा. ते घरी खाऊ नका, घाण्यावर नेऊ नका आणि जनावरालाही घालू नका. चार दाण्यांच्या लोभाने पोतेभर माल बिघडतो.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. पेंडीतले अन्न खायचा मान आपल्या आजीने केव्हाच साधला आहे, फक्त तिने तेल न काढता साधला. शेंगदाण्याची, तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी म्हणजे तेलबियांची प्रथिनेच नव्हेत काय? ज्वारीत आणि शेंगदाण्यात लायसिन कमी, डाळीत जास्त. डाळीत मेथिओनिन कमी, तिळात जास्त. म्हणून भाकरी, वरण आणि तिळाची चटणी एका ताटात आली, की माळेतले मणी पुरे होतात. चटणीला गरिबाचे कोरड्यास म्हणून हसू नये. मात्र एखाद्या मुलाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठत असतील किंवा धाप लागत असेल, तर त्याला तो देऊ नये आणि डॉक्टरला दाखवावे.

तिसरी गोष्ट सोयाबीनची. मराठवाड्यात आणि विदर्भात आज सोयाबीन मुबलक पिकते, आणि त्याची बहुतेक पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते. त्याच तेलविरहित पिठाला उष्णता आणि दाब देऊन केलेल्या सोयावड्या दुकानात मिळतात. त्यांत जवळपास निम्मी प्रथिने असतात. आमटीत मूठभर टाकल्या तर अंडे-मटण न खाणाऱ्या घरातही मुलांच्या ताटात भर पडते. घरचे सोयाबीन असेल तर भाजून गव्हात दळा. दहा किलो गव्हाला एक किलो पुरे होते. जास्त घातले तर पोळीला उग्र वास येतो आणि मुले ती बाजूला सारतात.

गावात तेलघाणा चालवणाऱ्या सहकारी संस्था आहेत, महिलांचे बचत गट आहेत. त्यांनी खाण्याचे पीठ करायचे मनात आणले, तर निवडलेला दाणा, स्वच्छ यंत्र आणि प्रयोगशाळेची तपासणी या तिन्ही गोष्टी आधी जुळवाव्यात. त्यांतली एक जरी नसली, तर पेंड गोठ्यासाठीच ठेवावी. आणि गोठ्यासाठीसुद्धा ती बुरशीची नसावी.

शेतात पिकलेले अन्न घाण्यावरून घरी येताना कुठे राहते, ते आता तुम्हांला कळले. पुढच्या खेपेला घाण्यावर गेलात, की पेंडीचा एक तुकडा हातात घेऊन नीट पाहा, वास घ्या. ती स्वच्छ आणि ताजी निघाली, तर दाणा चांगला वाळला होता असे समजायला हरकत नाही. कुबट वास आला, तर त्या दाण्यावर घेतलेली मेहनत कुठे कमी पडली, याचा शोध तुमच्या खळ्यापासून सुरू करा.